दारूगोळ्याचं दुखणं

पोह्यांचा घास तोंडातच राहिला आणि दिवाकरला नको तिथं कळ आली. नको तिथं म्हणजे, सभ्य माणूस चारचौघांत ज्याचं नाव घेत नाही तिथं. शकुला त्यानं "पोटात दुखून राहिलं" एवढंच सांगितलं आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसवलं. लग्न नवं होतं, अजून एवढी ओळख नव्हती.

शकुची लग्नाआधी एकच अट होती: नवरा पिणारा नको. बापाच्या पिण्यापायी तिचं अर्धं बालपण पाटनला शेजाऱ्यांच्या ओसरीवर गेलं होतं.

डॉक्टर जबलपुरात नवा, मराठीचा गंध नाही. मार लागला का, गालगुंड झालं होतं का, सगळं विचारून म्हणाला, "नशे से भी वहाँ दर्द उठता है। दारू-गोली चलती है?"

दिवाकर रांझीच्या फॅक्टरीत काडतुसांत दारू भरायचा. हिंदीत त्या दारूला बारूद म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, पण कळ आली की माणसाला घरचीच भाषा सुचते.

"हो जी, रोजचंच आहे. आठ घंटे."

"आठ घंटे! अकेले?"

"नाही जी, सगळे संगच बसतो. ओव्हरटाइमला बारा."

डॉक्टरनं त्याला सोनोग्राफीला धाडलं आणि बाहेर येऊन शकुला नवऱ्याचं व्यसन समजावून सांगितलं.

सोनोग्राफीत निघाला मुतखडा. खडा वर अडकला होता, कळ खाली उतरत होती. चारचौघांत सांगण्याजोगं दुखणं निघालं म्हणून दिवाकर हरखून बाहेर आला, तर बाक रिकामा. नर्स म्हणाली, "दीदी रोते-रोते पाटन की बस पकड़ने गईं। डॉक्टर साहब ने आपकी दारू बता दी।"

"माझी दारू?" मग दिवाकरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो तसाच बाहेर धावला.

नको ते सावरत तो स्टँडवर पोचला तेव्हा बस हलली होती. खिडकीत शकु, डोळ्यांना पदर. लाज धरावी तर बायको जाते!

"शकु! दारू फॅक्टरीतली! बारूद! मी पीत नाही, मुतखडा आहे मले!"

"खोटं! मुतखडा कमरेत दुखते. तुमचा हात कुठी आहे?"

दिवाकरनं डोळे मिटले. "अंडात दुखून राहिलं, शकु! अंडात!"

हे कळायला मराठी लागत नाही. कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली. "उतर जाओ दीदी। इतना सच कोई पियक्कड़ नहीं बोलता।"

शकु उतरली. "हळू बोला ना जी," म्हणत तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला रिक्षाकडे नेलं. मागं बसमधले झाडून सगळे पुरुष हळहळत होते.