आमच्या भिशीतली शेवंड

भिशी सांभाळणारीनं स्वतः भिशीत पैसे भरायचे नाहीत, हा आमच्या बंदरावरचा जुना नियम. दुसरा नियम असा, की वहीत कुणाचं खरं नाव लिहायचं नाही, प्रत्येकीला एकेका माशाचं नाव द्यायचं. पूर्वी नवरे बोटीवरून उतरले की आधी बायकोची पुंजी हुडकायचे आणि तशीच गुत्त्यात ओतून यायचे. आता बोटी राहिल्या नाहीत आणि नवरे गुडघे धरून घरी बसलेत, पण नियम मोडायची कुणाची छाती होत नाही. सासूनं ही वही माझ्या हातात दिली त्याला चौदा वर्षं झाली.

दर आठवड्याला दहाजणी दहा-दहा पौंड देतात आणि दोन वर्षांनी आपापले पैसे उचलतात. अकरावी शेवंड. ती वीस देते, तेही स्वतः येत नाही. एफी मेअर म्हणजे बांगडा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, ती शेवंडीचे पैसे आणून देते. कोण म्हणून विचारायचं नसतं, म्हणून मीही विचारलं नाही. पैसे आधी डब्यात असायचे, पण माझ्या नवऱ्यानं, डॉडनं, एकदा तो डबा जुन्या रंगाचा समजून कचऱ्यात टाकला. अख्खा दिवस आम्ही दोघं कचरा उपसत होतो. तेव्हापासून मी भिशी माझ्याच बँकेच्या खात्यात ठेवते. हीच ती माझी अक्कल.

फेब्रुवारीत आमचा माशांना धुरी द्यायचा कारखाना बंद पडला. माझी सव्वीस वर्षांची नोकरी, निरोपाला एक केक, तोही शिळा. डॉड शाळेची बस चालवतो, पण त्याच्या पगारात निम्मं भाडं निघतं आणि जेमतेम बटाटे येतात. म्हणून बेकारभत्त्याचा अर्ज केला. नवरा-बायकोचा अर्ज एकत्रच असतो, पगार दोघांचा बघतात आणि शिल्लकही दोघांची.

जॉब सेंटरमधले फिनले साहेब सज्जन माणूस. चष्मा नाकावर ओढून त्यांनी माझ्या खात्याचा कागद बघितला.

"मिसेस कावी, तुमच्याकडे सोळा हजार पाचशे ऐंशी पौंड आहेत."

"माझ्याकडे कुठले? त्यातले चार हजार शंभर आमचे. बाकीचे माशांचे."

मी पर्समधून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. बांगडा दहा, खेकडा दहा, तारली दहा, शेवंड वीस. त्यांनी चार पानं उलटली आणि त्यांचा आवाज एकदम गार झाला.

"तुमचा मासळीचा धंदा आहे, हे तुम्ही अर्जात लिहिलेलं नाही."

मला हसू आवरेना. डोळे पुसत मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण सरकार काही हसत नाही. सोळा हजारांच्या वर शिल्लक असली की भत्ता शून्य. सहा हजारांच्या आत असली की शिल्लकेपायी काही कापत नाहीत. मधे असली तर थोडं थोडं कापतात. तुमची किती आणि दुसऱ्यांची किती, हे मला कागदावर हवं, म्हणाले.

"मग मी ते पैसे उद्याच एफीच्या खात्यात टाकते."

"असं बिलकुल करू नका. भत्त्यासाठी पैसे दुसरीकडे हलवलेत असं धरलं गेलं, तर हलवल्यावरही ते तुमचेच मोजले जातील. प्रत्येक मेंबरकडून पत्र आणा. नाव, पत्ता, रक्कम आणि सही."

मी घरी आले ती रडकुंडीला येऊनच. भत्ता नाही मिळाला तर आमचे चार हजार भाड्यातच जाणार, उन्हाळ्यापर्यंत हात रिकामे. वीस वर्षांपूर्वी डॉडची गोदीतली नोकरी गेली तेव्हा निदान विकायला माझा अकॉर्डियन होता. मी लग्नसमारंभात वाजवायची, चांगली वाजवायची, खोटं कशाला बोलू. तो विकून आम्ही तो हिवाळा काढला. या वेळी घरात विकण्यासारखं काही नव्हतं.

डॉड पेपरमिंट चघळत ऐकत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं सिगरेट सोडली, तेव्हापासून दिवसभर पेपरमिंट. सिगरेटचे पैसे कुठे जातात विचारलं, तर म्हणायचा, पेपरमिंट फार महाग झालंय.

"शेवंडीचंही पत्र लागणार?" त्यानं विचारलं.

"लागणार म्हणजे काय, सगळ्यात जास्त पैसे तिचेच आहेत. दोन हजार ऐंशी."

तो उठला. बसच्या किल्ल्या घेऊन गेला.

शनिवारी एफीच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या. चहा झाला, स्कोन्सचे गोड पाव झाले, पण कुणी पेनाला हात लावेना. सासूबाईंच्याही आधीपासूनचा नियम मोडायचा होता. शेवटी खेकडा उठली. ही मोर्ना, ऐंशीच्या घरातली, आमच्यात सगळ्यात थोरली.

"आण इकडे. माझ्या नवऱ्याला एकोणीस वर्षं माहीत आहे."

"काय सांगतेस, मोर्नाकाकी?"

"अगं, मेला मला दर आठवड्याला विचारतो, दहा पौंड सुट्टे देऊ का म्हणून."

मग काय, एकेकीचं उघडं पडायला लागलं. तारलीचा नवरा बायकोच्या पैशांची वाट बघत नव्या गवतकापणीच्या मशीनची चित्रं जमवतोय. आम्ही हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायच्या बाकी राहिलो. दहा पत्रं झाली. माझ्यासाठी त्यांनी इतक्या वर्षांचं गुपित टेबलावर मांडलं, आणि मला भरून आलं.

"आता शेवंड," मी म्हटलं.

एफी कपबश्या विसळायला लागली. "मी शब्द दिलाय, नेटा. नाव सांगणार नाही."

"अगं, माझं भाडं अडलंय."

"म्हणून तर म्हणते, शेवंडही मीच असं लिहून देते. कोण बघतंय?"

तिनं लिहिलं आणि मी घेतलं. ते खोटं आहे हे मला कळत होतं. पण डोळ्यांपुढे भाडं होतं, त्यामुळे मी तोंड बंद ठेवलं.

सोमवारी डॉडलाही बोलावलं होतं. फिनले साहेब एकेक पत्र वाचून बाजूला ठेवत होते. एफीचं शेवटी आलं.

"या बाईंचे बांगडा आणि शेवंड, दोन्ही?"

मी मान हलवणार, तेवढ्यात डॉडनं तोंडातलं पेपरमिंट गालात सरकवलं.

"नाही साहेब. शेवंड मी आहे."

मी त्याच्याकडे वळले. तो टेबलाकडे बघत बोलत होता.

"सिगरेटचे पैसे. हिच्याच भिशीत टाकले, म्हणजे हिला कळणार नाही. हिचा अकॉर्डियन घ्यायचाय. एफीला मीच गप्प बसवलं होतं, तिचा दोष नाही."

फिनले साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एफीचं पत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "हे अजून फाइलला लावलेलं नाही. त्यांना फक्त बांगड्याचं नवीन लिहायला सांगा." मग त्यांनी आकडे मांडले. आमचे चार हजार शंभर, शेवंडीचे दोन हजार ऐंशी, मिळून सहा हजार एकशे ऐंशी. सहा हजारांच्या वर एकशे ऐंशी. डॉडच्या पगाराचं काय कापायचं ते वेगळं, पण या शिल्लकेपायी महिन्याला चार पौंड पस्तीस पेन्स कमी मिळतील. बाकी भत्ता मंजूर.

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. रडत झापलं, त्यामुळे त्यात काही दम नव्हता.

"गप्प बसला असतास तर एक पेनी कापली नसती."

"तुझा अकॉर्डियन दुसऱ्या बाईच्या नावावर लिहून देऊ?"

बस थांब्यावर सगळ्यांसमोर मी त्याचा हात धरला. वीस वर्षांत इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते, आणि सरकारनं तसं कागदावर लिहूनही दिलं होतं.

घरी येऊन मी वही काढली. शेवंडीपुढे शाईनं लिहिलं, डॉड कावी. वहीतलं पहिलं खरं नाव, तेही एका नवऱ्याचं. सासू असती तर तिनं वही हिसकावून घेतली असती.

"महिन्याला चार पौंड पस्तीस कमी पडणार," मी म्हटलं. "सिगरेट तर आधीच सोडलीस. आता काय सोडणार?"

त्यानं खिशात हात घातला, पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"पेपरमिंट," तो म्हणाला.