आढीतले पैलवान

कमलने आढीवरचा पेंढा बाजूला सारला आणि एकेक पैलवान आंब्यांच्या शेजारी आडवा निजवला. रबराचे, वीतभर उंचीचे, हाताला जड. अंगावर चड्डी नि पायात बूट, एवढाच पेहराव. एकाची दाढी छातीपर्यंत, एकाचं पोट चड्डीवर ओघळलेलं. वरून पुन्हा पेंढा पसरून तिने हात धुतले आणि गौरीसमोर ठेवायची डाळ वाटीत काढली. चैत्रभर ती एकभुक्त राही. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला हे सगळे काचेच्या कपाटात उभे होते. शेजारच्या राहीने विचारलं होतं, भावोजींनी नवे देव बसवलेन की काय? बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कमलही हसली, आणि ते हसू वर्षभर तिला कुसळासारखं टोचत राहिलं. कचेरीत खाली मान घालून काम करणारा आपला नवरा भिकाजी दर रविवारी बाहुल्यांना खोबरेल लावून पुसतो, हे आळीभर झालं होतं.

बाहुले आणायचा तो आत्माराम. बोटीवर नोकरीला असलेला, पूर्णगडचा. भिकाजीचा शाळेतला सोबती, पण कमलने त्याला कधी पाहिला नव्हता. रजेवर आला की तो परस्पर कचेरीत भेटे. भिकाजी एकदा म्हणाला होता, हे परदेशातल्या कुस्त्यांत हरणारे पैलवान. जिंकणारे तिकडे हातोहात खपतात, हे दुकानात पडून राहतात. कमलने पुढे काही विचारलं नाही. असल्या कौतुकाला काय विचारायचं?

आज हळदीकुंकवाआधी बाहेर जाताना भिकाजीने रिकामं कपाट पाहिलं. तसाच पडवीत जाऊन बसला.

बायका आल्या. अत्तर झालं, पन्हं झालं. बायकांतली थोरली चंपावहिनी म्हणाली, गौरीपुढे पिकला आंबा नाही, एक ठेव गो. कमल उठायच्या आत राही माजघरात गेली होती. परत आली ती दाढीवाल्याला मानेला धरून.

"कमलवहिनी, ही कुठली जात? हापूस नव्हे खास."

बायका हसल्या. 'ह्यांचा आहे' एवढंच म्हणायचं होतं. कमलने ओठ उघडले, आणि त्यातून निघालं ते तिचं तिलाच परक्यासारखं ऐकू आलं.

"बाळासाठी आणलेले. टाकवत नाहीत."

हसणं मध्येच तुटलं. चार वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात संगमेश्वरला माहेरी गेलेली कमल रिकाम्या हातांनी परत आली होती, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. राहीने पैलवानाला चिकटलेली काडी आपल्या पदराने पुसली आणि त्याला हलकेच गौरीच्या पायाशी उभा केला. चंपावहिनीने त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं.

"गौर सगळं बघते हो," ती म्हणाली.

कमलची मान वर होईना. बाळाला पुढे केलं, तेही देवीसमोर, चार बायकांनी हसू नये म्हणून. पडवीची खिडकी उघडी होती. तिच्या चौकटीत भिकाजीची पाठ दिसत होती, हललीसुद्धा नाही.

बायका गेल्यावर तो आत आला. आढीपाशी बसून एकेकाला बाहेर काढू लागला. कमल पन्ह्याचे पेले गोळा करत राहिली.

"तुला आत्मारामाने सांगितलंन?" त्याने विचारलं.

"काय?"

"हे बाळासाठी होते म्हणून."

तिने पेला खाली ठेवला.

तो पेंढ्याकडे बघत अडखळत सांगू लागला. ती माहेरी असताना पहिला पैलवान आत्मारामाने कचेरीत आणून दिला होता, होणाऱ्या बाळाला म्हणून. सगळं झालं तेव्हा आत्माराम बोटीवर होता. पुढच्या रजेला दुसरा पैलवान पुढे धरून त्याने विचारलंन, मुलगा की मुलगी? कचेरीत सगळे बघत होते. भिकाजीच्या तोंडून गेलं, मुलगा. मग खरं सांगणं दरवर्षी जास्तच अवघड होत गेलं.

"त्याला घरी कधी आणलात नाही."

"कसा आणू?" भिकाजीने पोटवाल्याच्या बुटातली काडी काढली. "दर खेपेला विचारतो, केवढा झाला. मी हाताने उंची दाखवतो."

कमल गौरीकडे गेली. दिवा मंद झाला होता; वात सारली. कपाळी कुंकू लावलेला पैलवान हात फैलावून उभा होता. तिने त्याला उचलला नाही. परत येऊन ती नवऱ्यासमोर जमिनीवर टेकली.

"आता कधी यायचेत ते?"

"वैशाखात."

"काय दाखवाल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पालथा हात जमिनीपासून आपल्या कपाळाइतका वर धरला. कमल त्या हाताकडे बघत राहिली. चंपावहिनीचा नातू त्याच वर्षी जन्मलेला. मघाशी आजीच्या मागे उभा राहून कपाटाच्या कडीला हात पुरवून खेळत होता.

तिने त्याच्या तळव्याखाली आपला हात घातला आणि तो चार बोटं वर उचलला.