रामलिंगने वाचवलेला बॉयलर

मी एक जुना बॉयलर आहे. धर्माबादच्या एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा आहे. अंगाला सोनेरी रंग, वर झेंडूची माळ. नवरा-नवरी मला टेकून फोटो काढतात. हसू नका मित्रांनो, मीसुद्धा एकेकाळी कामाचा होतो.

निजामाच्या राज्यात मेरवानजी नावाचे पारशी सेठ इथे कापूस घ्यायला आले. आधी भाड्याची बैलगाडी, मग छोटी वखार, मग मला विलायतेहून आणून जिनिंग. माझ्या वाफेवर यंत्रं फिरत आणि कापसातली सरकी वेगळी होई. सेठ कष्टाळू होते, माणूसही भला. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. आग पवित्र, तिच्यावर पाणी ओतायचं नाही, ती आपोआप विझू द्यायची. माझी आग सांभाळणारा रामलिंग तो नियम जिवापाड पाळी.

ऐन हंगामात एका दुपारी माझ्या पोटातलं पाणी आटलं. आग तशीच राहिली असती तर मी फुटलो असतो, आणि आत कापूस निवडणाऱ्या बायका मेल्या असत्या. रामलिंग फावड्याने निखारे बाहेर ओढू लागला. ते त्याच्या पायांवर पडत होते.

"पानी मार की रे!" बायका ओरडल्या.

"न्हाई! सेठची आग हाय, इझवायची न्हाई!"

पाण्याची बादली हाताशी होती. सगळे निखारे काढून झाले तेव्हा तो कोसळला. सेठ धावत आले आणि डोक्याला हात लावून खाली बसले.

"अरे दिकरा, जीव जाते तरी पाणी नको, असा मी कधी बोलला?"

खरंच, असं ते कधी बोलले नव्हते. पण अशा वेळी पाणी मारा, असंही कधी बोलले नव्हते.

मी शाबूत राहिलो, म्हणून त्या हंगामात सेठच्या कापसाच्या गठाणी सर्वांआधी रेल्वेत चढल्या. पुढे नांदेडला दुसरी जिनिंग, मुंबईला बंगला. रामलिंगला एक शाल मिळाली. उरलेलं आयुष्य तो काठी टेकत चालला.

आता जिनिंग नाही, सेठचं घराणंही इथे नाही; त्या जागी हे कार्यालय आहे. कार्यालयाचे मालक शिवकुमार यांनी माझ्यावर सेठच्या नावाची पाटी लावली. ती वाचून रामलिंगची पणती अक्षरा त्यांच्याकडे गेली.

"काका, आमच्या पणजोबाचं बी नाव टाका की."

"अगं पोरी, लोक इथं लग्नाला येऊन राहिले. भाजलेल्या पायाची गोष्ट कोन वाचंल?"

तिने खडूने माझ्या पोटावर 'रामलिंग' लिहिलं. पुढच्या मुहूर्ताआधी वॉचमनने ओल्या फडक्याने ते पुसून काढलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला तर दर दिवाळीला रंग मिळतो. तुम्ही फक्त माझ्यापाशी उभे राहाल तेव्हा, याची आग कोण सांभाळत होतं, एवढं मोठ्याने विचारा. मला उत्तर येतं, पण लोखंडाला बोलता येत नाही.