कुंपणापलीकडची सावली

मित्रांनो, मी मिल्ड्यूराच्या द्राक्षमळ्यांतला एक म्हातारा बकाण निंब आहे. झाडं शांत असतात असं कुणी सांगितलं असेल, तर त्याने मला विचारलेलं नाही.

माझी निवड मुलगी पाहावी तशी झाली. इटलीहून इथे आलेल्या रॉको फुरफारोने रोपवाटिकेत चार फेऱ्या मारल्या. वर्षाला किती फूट वाढतो? भट्टीसारखं ऊन सोसतो? खारट माती चालते? पाणी किती पितो? हिवाळ्यात पानं गाळतो ना? सगळी उत्तरं मनासारखी मिळाली, तेव्हा कुठे मला गाडीत जागा मिळाली.

घाईला कारण होतं. जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या उन्हात, अंगणातल्या विटांच्या चुलीवर वर्षभराचा टोमॅटोचा रस उकळताना त्याची बायको कोंचेता चक्कर येऊन पडली होती. शुद्धीवर येताच म्हणाली, "तीन उन्हाळे देते. चुलीवर सावली आली नाही, तर मी चालले मेलबर्नला बहिणीकडे. मग तू आणि तुझे टोमॅटो एकमेकांना उकळा!"

रॉकोने लगेच अंगणाच्या दक्षिण टोकाला, कुंपणालगत खड्डा खणला. जागेविषयी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. इटलीत त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी अशीच अंगणाच्या दक्षिण टोकाला झाडं लावली होती. तिकडे सूर्य दक्षिणेला, म्हणून सावली अंगणात.

पण इथे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! पहिल्याच उन्हाळ्यात माझी सावली कुंपणापलीकडे पडलेली पाहून मी हादरलो. सांगणार कसं? सरकणार कुठे? मला फक्त वाढता येत होतं. म्हणून जिवाच्या आकांताने वाढलो, आणि जितका वाढलो तितकी सावली शेजारणीची झाली. रॉको दर रविवारी काठीने मला मोजायचा. "यंदा सहा फूट! अरे, पोरं वाढत नाहीत अशी!" ती शाबासकी मला चटके द्यायची.

तिसरा जानेवारी आला. शेजारीण मर्ल हॉबडे माझ्या सावलीत खुर्ची टाकून ओरडली, "रॉको, गुणाचं झाड आहे हो तुझं! पाणी तू घाल, गारवा मी खाते!"

डोक्यावर ओलं फडकं घेतलेल्या कोंचेताने चुलीपासून वर पाहिलं. आधी मला, मग सूर्याला. "झाड शंभर नंबरी निवडलंस, रॉको. आणि सूर्य? तो काय तुझ्यामागोमाग आगबोटीतून आला होता?"

लाल झालेला रॉको कुऱ्हाड घेऊन आला.

"खबरदार!" कोंचेता आडवी उभी राहिली. "त्याला सांगितलं तेवढं सगळं त्या झाडाने केलं. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, मी जाते."

"अगं बाई, गाडी कशाला?" मर्ल खुर्चीतूनच म्हणाली. "चार फळ्या काढा आणि चूल इकडे आणा. माझ्या वाट्याच्या रसाच्या बाटल्या तेवढ्या मोजून द्या हं, मी लाजणारी नाही."

रॉकोने आधी फळ्या उपसल्या, मग चुलीच्या विटा. संध्याकाळी चूल माझ्याखाली उभी होती. कोंचेताने माझ्या खोडाला टेकून घटकाभर डोळे मिटले आणि म्हणाली, "जा, गाडीचं तिकीट परत कर."

मित्रांनो, झाड निवडताना त्याची जात विचारा, वाढ विचारा, तहान विचारा. पण खड्डा खणण्याआधी भर दुपारी त्या जागी उभे राहा आणि तुमची स्वतःची सावली कुणीकडे पडते ते बघा. आम्ही जीव तोडून वाढतो. कुणासाठी, ते तुमच्या त्या एका दुपारवर ठरतं.