पलीकडे गेलाय

सासूबाईंची जीभ नको तिथे घसरते, आणि निस्तरायला मी असतेच.

डोंगरावर कोण कोण गेलंय, याची सकाळची चौकशी करायला शिपाई दारात आला. माझा नवरा गाइड. पाहुण्यांना डोंगरवाटांनी हिंडवतो.

"मुलगा कुठाय, आजी?"

"पलीकडे गेलाय."

त्यांना म्हणायचं होतं, डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला. पण त्या वर्षभरापूर्वीच राहायला आलेल्या. आमच्या या गावात पलीकडे म्हणजे एकच, सीमेपार. शेजारच्या घरालाही आम्ही 'बाजूला' म्हणतो. शिपायाने तिथल्या तिथे वायरलेस तोंडाला लावला.

मी गाळणी टाकून धावले. "अहो, समुद्राच्या बाजूला म्हणतायत त्या!"

"ते आता वरच्या चौकीवर सांगा," म्हणत तो जिना उतरला.

"मी काय वावगं बोलले गं?" सासूबाईंनी विचारलं. भांडायला वेळ नव्हता, नाहीतर सोडलं नसतं.

गेल्या वर्षी मीठवाल्याच्या भावाला अशाच संशयावरून उचललं, तो अजून आतच आहे. चौकीवाल्यांच्या आधी नवऱ्याला गाठायचं आणि पाहुण्यांना साक्षीला घेऊन कचेरीत जायचं, एवढंच डोक्यात होतं. काटेरी झुडपांतून मी सरळ वर चढले. चप्पल तुटली, ती हातात घेतली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

माथ्यावर वाट एका घळीला लांबलचक वळसा घालते, कारण घळ पलीकडच्या देशाची. कडेला सीमेचे पांढरे दगड आहेत. समोरच्या काठाने नवरा पाहुण्यांना घेऊन येताना दिसला.

"अरे, थांब! शिपाई आलाय घरी! आई चुकून बोलल्या..."

वाऱ्यात त्यातलं 'आई' तेवढं पोचलं असावं. त्याने पाहिलं ते मला. अनवाणी, रडणारी, हातात चप्पल. तो वळशाने आलाच नाही. दगड ओलांडून थेट घळीत उतरला आणि माझ्याकडे धावत सुटला.

"तिकडून नको!" मी घसा फोडून ओरडले.

खालच्या झाडीतून पलीकडचे दोन सैनिक उठले, बंदुका रोखून. नवरा मधोमध थबकला. धापा टाकत होता. त्यांच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"आई गेली का गं?"

"नाही रे. चांगल्या आहेत त्या."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याने हात वर केले.