कपाटातून

भाषा शिकवणाऱ्या एका कंपनीसाठी मी घरबसल्या काम करते. इंग्रजी वाक्प्रचारांची वाक्यं करायची आणि स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची. खोल्या अर्ध्या रिकाम्या, आवाज घुमतो. म्हणून मी कपड्यांच्या कपाटात शिरून बोलते. नवऱ्याचे शर्ट दोन्ही गालांना लागतात. तो जहाजावर असतो. शर्टांना आता त्याचा वास येत नाही, नुसता कपाटाचा येतो.

या आठवड्यात ‘स्टँड युअर ग्राउंड’ आला होता. कुणी अंगावर आलं तरी पाय रोवून उभं राहायचं. वाक्यं भराभर सुचली. पोस्टमन कुत्र्यासमोर उभा राहिला, कामगार मालकासमोर, म्हातारी बिल्डरसमोर.

संपादक बाईंचा फोन आला. “अगं, तुझी माणसं परक्यांशीच भांडतात. एखादं घरातलं दे की!”

“आमच्याकडे कुणी भांडत नाही.”

“नशीबवान आहेस बाई.”

नशीब कसलं! सासूबाई रविवारी माझ्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन जाणार होत्या. “पोर झोपलं की तू श्वास बघत नाकाशी बोट धरून बसतेस. शिंकलं की डॉक्टर. अशानं तीही भित्री होईल. सहा महिने राहू दे माझ्याकडे,” असं त्या म्हणाल्या होत्या. नवरा फोनवर म्हणाला, “आई म्हणतेय तर...” आणि रेंज गेली. मी म्हटलं होतं, “बघू.” आमच्या घरात सुनेनं ‘बघू’ म्हटलं की तो होकारच धरतात.

रविवारी त्या आल्या आणि पलंगावर बॅग उघडून फ्रॉक भरायला लागल्या.

“हिचा स्वेटर कुठाय गं?”

“खालच्या कप्प्यात.” वर मोजेही मीच काढून दिले.

“अशी रडवेली होऊ नकोस. तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलंय. अजून तरी शाबूत आहे.”

 मग काय झालं कुणास ठाऊक, मी कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं.

“आता आत काय शोधतेस?”

“काही नाही. आई, ती येणार नाही.”

“काय म्हणालीस?”

“मी काळजी करते, नको तितकी करते. मान्य. पण ती माझ्याजवळच राहील.” आवाज जराही हलला नाही. शर्टांनी तो नीट धरून ठेवला.

“अगं, कपाटातून कसली बोलतेस? बाहेर ये, तोंडावर बोल.”

“बाहेर आले तर ‘बघू’ म्हणेन.”

“आई लपली!” लेक खिदळली.

पलंग करकरला. त्या बसल्या असाव्यात.  मग दार किलकिलं झालं आणि फटीतून एक हात आत आला. हातात पिवळा फ्रॉक.

“हँगरला लाव. चुरगळेल.”

मग दुसरा फ्रॉक आला, मग स्वेटर. मी अंधारात एकेक लावत गेले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, माझा त्यांना दिसला नाही.

बाहेर आले तेव्हा त्या चपला घालत होत्या.

“चहा टाकते ना.”

“नको. बस चुकेल.” नातीचा पापा घेतला. “जपून राहा गं,” म्हणाल्या. तिला की मला, कळलं नाही.

दुपारी लेक झोपली. मी पुन्हा कपाटात गेले. ‘सून सासूसमोर पाय रोवून उभी राहिली.’ आवाज थरथरला. परत म्हटलं, परत थरथरला. आठवडाभरात दारावरची बेल वाजवणारं माणूस एकच होतं, आणि ते चहा न घेता गेलं होतं.

शेवटी पोस्टमन आणि कुत्राच पाठवला. बाईंना कळवलं, घरातलं काही जमत नाहीये.