लाल तेवढं आत

मुंबईच्या प्रयोगशाळेत श्रीमंत चार वर्षं एकाच घाणीत हात घालून बसला होता. धातूची वाफ करायची, लेझरचा रंग असा नेमका लावायचा की हव्या त्याच अणूवर विजेचा भार चढावा, आणि तेवढेच पट्टीवर ओढून घ्यायचे. पण गर्दीत हवा अणू शेजारच्या नकोशाला धडकायचा, भार त्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा, आणि पट्टीवर नकोसाच येऊन बसायचा. अणूंची शिसारी येऊन श्रीमंत रजेवर गावी, ईटला आला.

ईटला दुष्काळ होता आणि सोसायटीची चारा छावणी होती. चारा फक्त विहीर नसलेल्यांच्या जनावरांना. ओळख पटावी म्हणून चेअरमन आबारावांनी त्यांच्या अंगावर, पोळ्याला मारतात तसे, ओल्या गेरूचे पंजे मारायला लावले. फाटकावर बंडप्पा. त्याला हुकूम एकच: लाल तेवढं आत.

श्रीमंतची आई हरणाबाई पंजा मारलेली उपाशी गाय घेऊन रांगेत होती. रेटारेटीत आबारावांच्या जर्सी गाई, विहिरीवरचा ऊस खाऊन तुकतुकीत, तिच्या गाईला घासत पुढं सरकल्या. फाटकाशी पोचेपर्यंत जर्सी लाल आणि गाय कोरी.

"पांढरी हाय. मागं घ्या," बंडप्पा म्हणाला.

श्रीमंतनं चार वर्षं काचेतून बघितलेलं इथं शेण टाकत उभं होतं. तो आबारावांकडं गेला.

"काका, जनावरं लांब लांब उभी करा, अन् रंग लावला की लगेच आत ओढा. घासायला वेळच मिळू नये."

"शिकलेलं पोरगं लई कामाचं बघ," आबाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाव शंभर हात मागं सारलं. रात्रीतून आबारावांची विहीर बायकोच्या नावावर झाली होती, म्हणून पहिला गेरू जर्सींना लागला. त्या एकेक करून ऐसपैस आत गेल्या. कुणी कुणाला घासलं नाही. एवढी चोख विभागणी प्रयोगशाळेत कधी झाली नव्हती. गावाची पाळी येईपर्यंत गेरू संपला.

"मुंबईत बी हेच करतूस व्हय रं?" हरणाबाईनं विचारलं.

"तिथं जमत नव्हतं, माय."

गाय खाली बसली. उपाशी गाय एकदा बसली की उठत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

श्रीमंतनं गेरूच्या बादलीचं बूड खरवडलं, स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर पंजा मारला आणि फाटकात जाऊन उभा राहिला. बंडप्पानं निरखून पाहिलं. हुकमात पायांचा हिशेब नव्हता.

"गाय का बैल?"

"बैल."

बंडप्पानं कडब्याची पेंढी पुढं टाकली. चारा बाहेर न्यायची मनाई होती. श्रीमंत तो आबारावांच्या डोळ्यांदेखत घेऊन निघाला; बैलाशी हुज्जत घालणं त्यांना कमीपणाचं वाटलं. गाय बसल्याजागी खाऊ लागली.